बाग आपली, मग प्लॅन सल्लागाराचा का? महापालिकेनं सल्लागार नेमावा की नाही, समजून घ्या

फेब्रुवारी 2015. मुंबई महापालिकेनं शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला आणि मुंबईकर नकाशात आपापली गल्ली शोधायला लागले. कुठे उभ्या इमारतींवरून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तूंची नोंदच गायब, कुठे जागेवर एक आणि कागदावर भलतंच. हरकतींचा ढीग लागला. शेवटी एप्रिलमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा दुरुस्त करायला सांगितलं.

हा मसुदा महापालिकेनं बाहेरच्या सल्लागार कंपनीकडून करून घेतला होता. त्यासाठी पैसे मोजले होते. सुधारित मसुदा यायला 2016 उजाडलं आणि सरकारची मंजुरी मिळाली ती 2018 मध्ये.

मग प्रश्न येतो, बागा आणि मैदानांसाठी सल्लागार नेमावेत का?

सल्लागार लागतोच कशाला?

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांची यादी दिली. त्यात उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं आहेत. म्हणजे काम महापालिकेचंच.

महापालिकेकडे उद्यान विभाग असतो. पाणी घालणं, छाटणी, गवत काढणं, झाडांच्या परवानग्या हे त्यांचं रोजचं काम. पण मोठं मैदान नव्यानं उभं करायचं असेल तर पावसाचं पाणी कुठं मुरेल, व्हीलचेअर कुठून जाईल, जमिनीखालून कोणत्या लाइन गेल्यात, हेही बघावं लागतं. अशा कामाचे जाणकार वर्षभर पगारावर ठेवणं प्रत्येक शहराला परवडत नाही. एका कामापुरता असा माणूस आणला तर त्यात गैर काही नाही.

मग घोळ कुठे होतो?

पहिला घोळ, नकाशात माणसं दिसत नाहीत. सकाळी सहाला चालणारे आजोबा, दुपारी सावलीत डबा खाणारे डिलिव्हरी बॉय, संध्याकाळी टेनिस बॉलवर खेळणारी पोरं, हे कळायला मैदानात जाऊन बसावं लागतं.

दुसरा घोळ फीचा. आर्किटेक्टची फी बऱ्याचदा प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीत ठरते. आता विचार करा. वडाचं झाड आणि चार बाकडी यांचा खर्च किती? आणि संगीत कारंजं, दगडी कमान, फूड प्लाझा यांचा किती? साधी बाग सुचवणाऱ्याची फी कमी होते. सल्लागार प्रामाणिक असला तरी हिशेब उलटाच राहतो.

तिसरा घोळ, अहवाल देऊन सल्लागार जातो. माळी, वॉचमन आणि संडासाची साफसफाई हा खर्च मात्र दरवर्षी राहतो. तो आधी मोजला नाही तर दोन वर्षांत कारंजं बंद पडतं आणि गेटला कुलूप लागतं.

हे आत्ताच का बोलायचं?

कारण महालक्ष्मी रेसकोर्स. 211 एकरांपैकी 120 एकर जागा महापालिकेकडे आणि 91 एकर रेसकोर्सकडे, असं 2024 मध्ये ठरलं. कोस्टल रोडच्या भरावावरची सुमारे 175 एकर जागा जोडून जवळपास 300 एकरांचं सेंट्रल पार्क करायची कल्पना आहे. आर्किटेक्ट हाफिज कॉन्ट्रॅक्टर यांनी त्याचा आराखडाही मांडला.

मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते. म्हणजे सिंगल पलंगापेक्षाही कमी. केंद्राच्या शहर नियोजनाच्या मार्गदर्शक सूचना मात्र 10 ते 12 चौरस मीटर सांगतात. अशा शहरात 300 एकर पुन्हा मिळणार नाहीत.

त्यात महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे 2024 चा हा निर्णय झाला तेव्हा जाब विचारायला सभागृहात नगरसेवकच नव्हते.

मग नेमावा की नाही?

मोजमाप आणि तांत्रिक कामासाठी जरूर नेमावा. तिथं काय हवं, हे ठरवायला नको. ते लोकांनी आणि त्यांनी निवडून दिलेल्यांनी ठरवायचं.

नेमताना तीन अटी घालता येतील. आराखड्याआधी त्या जागेचा वापर कोण, कधी करतं याची पाहणी व्हावी. फी ठरावीक असावी, खर्चाच्या टक्केवारीत नको. आणि अहवाल मराठीत, दहा वर्षांच्या देखभालीच्या खर्चासकट वेबसाइटवर टाकावा.

तुमच्या वॉर्डातल्या बागेचं काम निघालं, तर या तीन गोष्टी विचारून बघा. 2015 चा नकाशा ज्यांनी आपली गल्ली शोधून दुरुस्त करायला लावला, त्यांना कोणी एक रुपयाही फी दिली नव्हती.