डोंगराची वही

डोंगरकडा या नांवांतच डोंगर आहे. तथापि इतिहासाच्या पुस्तकांत आपल्या मुलांस रायगड व प्रतापगड भेटतात. घराजवळच्या टेकडीची गोष्ट मात्र आजीच्या तोंडीं राहते आणि आजीबरोबर जाते. ही हानि कशी टाळावी हें सह्याद्रीच्या बाबतींत गो. नी. दांडेकर यांनीं दाखविलें. त्यांचा कित्ता आपल्या बाजूसहि गिरविण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

दांडेकर १९१६ सालीं परतवाडा येथें जन्मले. लहान वयांतच त्यांनीं घर सोडलें, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढें तळेगांव दाभाडे येथें राहून सह्याद्रीचे गड पायीं पालथे घातले. गडावर जाऊन बुरूज मोजणारे पुष्कळ असतात. दांडेकर तेथल्या माणसांजवळ बसले. ‘पवनाकाठचा धोंडी’ या कादंबरींत तुंग किल्ल्याचा हवालदार आहे, ‘माचीवरला बुधा’ हींत राजमाचीच्या रानांत एकटा राहणारा म्हातारा, तर ‘जैत रे जैत’ हींत ठाकर लोक, त्यांचा लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरील मधमाश्या. राजांची नांवें बखरींनीं राखलीं. या माणसांची बोली दांडेकरांनीं राखली. १९७६ सालीं त्यांच्या ‘स्मरणगाथे’स साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९८ सालीं ते निवर्तले.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कादंबरी म्हणजे नोंद नव्हे. लेखक ऐकलेल्या कथेस आपल्या मनाप्रमाणें आकार देतो. तो त्याचा हक्कच होय. म्हणून तिच्या जोडीस साधी वहीहि हवी: अमक्या गांवीं, अमक्या म्हातारीनें, अमक्या दिवशीं असें सांगितलें. औंढ्याचें देऊळ नामदेवांकडे फिरलें, ही कथा आपल्या जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाहीं? ती दगडांचा इतिहास म्हणून लिहिल्यास वाद माजेल. परंतु लोकांनीं नामदेवांस किती मानलें, याचा तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाहीं. दोहोंस जपावें, मात्र वेगवेगळ्या पानांवर.

जात्यावरच्या ओव्या पिठाच्या गिरणीपुढें मुक्या झाल्या. ज्यांस त्या येतात अशा स्त्रिया आतां थोड्याच उरल्या आहेत. तेव्हां पालकांस आमची विनंती कीं, येत्या सुटींत मुलांस वही घेऊन आजीजवळ बसवावें. तिची भाषा मात्र कोणी ‘शुद्ध’ करूं नये. (वर्गांत ती आम्हीच सुधारीत असतों, हा दोष आमच्याहि पदरीं आहे.) आजी ‘म्या म्हनलं’ म्हणाली तर तसेंच उतरून घ्यावें, आणि अडलेला शब्द तिलाच विचारावा.