गोट्याचा गुडघा

आमच्या घरात सध्या एकाच्याच गुडघ्याची चर्चा असते. आईच्या नाही. तिचे दोन्ही दुखतात, पण ‘मला कोण विचारतंय’ असं तीच म्हणते. चर्चा गोट्याच्या गुडघ्याची. गोट्या म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. वय ६, वजन ३८ किलो. नाव ठेवलं तेव्हा तो एका टोपीत मावायचा, त्यामुळे आता हसू नका.

तर झालं असं, की रविवारी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे वेताळ टेकडीवर होतो. गोट्या ना पडला, ना केकाटला. उतरताना मागचा उजवा पाय उचलून तीन पायांवर चालायला लागला, बस्स. जवळच्या डॉक्टरांनी ‘मुरगळलाय’ म्हणून गोळ्या दिल्या. चार दिवसांत साहेब टुणटुणीत. पुन्हा टेकडी, पुन्हा लंगडणं, पुन्हा गोळ्या. यात दीड महिना गेला. त्याआधीही कित्येक महिने तो बसताना तो पाय बाहेर फेकून बसायचा, आणि आम्ही? ‘कित्ती क्यूट’ म्हणून फोटो काढत होतो! गुडघा दुमडायला त्रास होत असला की कुत्री अशी बसतात, हे नंतर कळलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला गुंगी दिली, एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगी पुढे ढकलली. टेबलाचा ड्रॉवर उघडावा तशी ती पुढे सरकली. या तपासणीला ड्रॉवर टेस्टच म्हणतात. ‘लिगामेंट गेलंय, मॅडम.’

ऑफिसमध्ये सांगितलं, तर आमचा फुटबॉलवाला सहकारी लगेच म्हणाला, ‘अरे, माझंही गेलं होतं. दुर्बिणीतून नवीन बसवलं. सिंपल!’ पण माणसाचं आणि कुत्र्याचं इथे जमत नाही. माणसाचं लिगामेंट बहुतेक वेळा एका फटक्यात तुटतं. कुत्र्याचं जुन्या दोरीसारखं तंतू तंतू झिजत जातं आणि मग एक दिवस साधं वळतानाही सुटतं. शिवाय कुत्र्याच्या नडगीचा माथा मागे उतरता असतो. दर पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू पाहतं आणि लिगामेंट ते धरून ठेवतं. म्हणजे चढावर लावलेली गाडी आणि हँडब्रेक तुटलेला.

आता पर्याय. पहिला, गुडघ्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोर ओवून तात्पुरता ब्रेक लावायचा. दोर पुढेमागे सैल पडतो, पण तोवर सांध्याभोवती घट्ट पेशी तयार होतात आणि त्या काम सांभाळतात. लहान, शांत कुत्र्याला हे छान चालतं. दुसरा, टीपीएलओ. यात ब्रेकच्या भानगडीत पडतच नाहीत, रस्ताच सपाट करतात. नडगीचा माथा गोल करवतीने कापायचा, फिरवायचा आणि प्लेट-स्क्रूने बसवायचा. गोट्याचा उतार २६ अंशांचा होता, तो पाचाच्या आसपास आणायचा. अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम या पशुशल्यचिकित्सकाने ही पद्धत काढली, १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. टीटीए नावाचा तिसराही प्रकार आहे, पण आमच्या डॉक्टरांचा हात टीपीएलओवर बसलेला, म्हणून तो आम्ही सोडून दिला.

आणि चौथा पर्याय, काहीच न कापण्याचा. तो आईचा. ‘अगं, मुक्या जनावराला कापायचं कशाला? हळद-तेल चोळ.’ शेजारचे काका तर त्यांची डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन आले. मंडळी, आपल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला चुकूनही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. (गुरांना दिलेल्या याच औषधाने गिधाडं मेली, म्हणून २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘गोट्या काय गिधाड आहे?’)

आई अगदीच चूक नव्हती, हे मात्र कबूल करायला हवं. १९८४ च्या एका अभ्यासात १५ किलोच्या आतली बहुतेक कुत्री ऑपरेशनशिवाय सुधारली होती. त्याहून जड असलेल्यांत मात्र जेमतेम पाचातलं एक. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात लठ्ठ कुत्र्यांचं वजन उतरवून फिजिओथेरपी दिली, तर वर्षभरात ऑपरेशनशिवायचीही जवळजवळ दोन तृतीयांश बऱ्यापैकी झाली. ऑपरेशन केलेल्यांत हे प्रमाण तीन चतुर्थांश. म्हणजे फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. खर्चात मात्र होता. टीपीएलओचा आकडा लाखाच्या पुढे, दोराचा त्याच्या निम्म्याहून कमी. आमचे व्हिएतनामचे पैसे बाजूला पडलेले होते. रात्री अकरा वाजता मी आणि नवरा एक्सेल उघडून बसलो, आणि गोट्या खाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून घोरत होता. त्या शीटकडे बघवेना.

निर्णय शेवटी डॉक्टरांच्या प्रश्नांनी झाला. दिवसभर काय करतो? (पळतो.) कुठला मजला? (तिसरा, लिफ्ट नाही.) ८ आठवडे उडी मारू न देता ठेवाल? मग आमचे प्रश्न. अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत? इन्फेक्शन झालं, स्क्रू ढिला झाला, तर काय? त्यांनी आकडा सांगितला आणि बिघडलेल्या दोन केसेसही सांगितल्या. आधी गेलो होतो त्या ठिकाणी याच प्रश्नावर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच उत्तर मिळालं होतं. संधिवात कुठल्याही ऑपरेशनने पूर्ण थांबत नाही, हेही यांनीच सांगितलं. वर, निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढे जातो. ‘तो वाचवायचा तर सहा किलो कमी करा. चहाबरोबर बिस्किटं कोण देतं?’ आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ऑपरेशन दोन-अडीच तासांत संपलं. खरा कस नंतर लागला. तिसऱ्या दिवशी गोट्या पाय टेकायला लागला आणि त्याच्या मते तो बरा झाला! हाड जुळायला मात्र ८ आठवडे. शीला-शूला दिवसातून चारदा पोटाखाली टॉवेल घालून जिना उतरायचा, पुढे मी, मागे नवरा. सोफ्यावर उलट्या खुर्च्या. मी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं, त्याने रात्रपाळी. आणि दुपारी पहाऱ्याला कोण? ‘कापू नका’ म्हणणारी आई. गादी टाकून त्याच्याशेजारी, दोन दुखरे गुडघे लांब करून. ‘ऊठ म्हटल्याशिवाय उठायचं नाही हं, राजा.’

गेल्या शनिवारी एक्स-रे झाला. कापलेल्या जागी हाड भरून आलंय. आता पट्ट्याने पंधरा मिनिटं चालायचं, सपाटीवर. टेकडी अजून दीड-दोन महिने नाही. वजन ३४. डाव्या गुडघ्याकडे मी रोज बघते, अजून तरी ठीक वाटतोय.

काल संध्याकाळी आई चहा घेत होती. गोट्या समोर येऊन बसला, दोन्ही पाय आत घेऊन, सरळ. आईने मला हाक मारली, फोटो काढायला लावला. बिस्किटाचा पुडा तिच्या हातात होता. तिने तो परत डब्यात टाकला आणि त्याला काकडीचा तुकडा दिला. त्याने तो हुंगला, आईकडे पाहिलं आणि खाल्ला.