एकट्या मास्तराने भागणार नाही

दूरचित्रवाणीवरून मुद्रित करून ठेवलेला ‘सामना’ नुकताच सवडीने पाहिला. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला हा चित्रपट उत्तमच आहे. परंतु मारुती कांबळेचे काय झाले हे विचारायला त्यात एकटा मास्तर आहे. गाव गप्प आहे. आणि पाहणारा साखरसम्राट हिंदुरावाला शिव्या देऊन स्वस्थ झोपतो.

साथींनो, हिंदुरावाची सत्ता त्याच्या स्वभावात नाही, ऊसबिलात आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक असूनही ते थकवता येतात. सोसायटीचे कर्ज बिलातून परस्पर कापले जाते. ज्याची मान अशी अडकली, तो सभेत तोंड कसे उघडणार? ऊसतोड मजूर तर सभासदही नसतो.

याच सातारा-सांगलीच्या मुलखात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. तेथे जाब विचारणाऱ्यामागे गाव उभे होते. कारखान्याच्या वार्षिक सभेत हिशेब मागणारे शंभर सभासद उभे करणे हे आपले काम होय. ते टाळून मास्तराची वाट पाहणे ही निव्वळ पळवाट आहे.