‘थेटिस’चे मृत आणि सरकारचे गुप्त कागद

‘थेटिस’ या ब्रिटिश पाणबुडीचें नांव आतां फारसें कोणाच्या स्मरणांत नसेल. १ जून १९३९ रोजीं लिव्हरपूलच्या उपसागरांत चांचणीची बुडी घेतांना ती तळाशीं गेली. आंत १०३ माणसें होतीं. त्यांपैकीं चौघेच वांचले. मृतांत खलाशांबरोबर, बर्कनहेडच्या ज्या कारखान्यांत ती बांधली तेथील कारागीरहि होते. टॉर्पेडोच्या नळींत पाणी शिरलें आहे किंवा नाहीं हें पाहण्यास एक बारीक छिद्र ठेवलेलें असतें. पांचव्या नळीचें तें छिद्र रंग देतांना रंगानेंच बुजलें. तोटी फिरविली, पाणी आलें नाहीं. म्हणून नळी कोरडी समजून आंतलें दार उघडलें. बाहेरचें दार मात्र सताड उघडें होतें! पाणबुडीचें मागचें टोक कित्येक तास पाण्यावर दिसत होतें, आणि आंतलीं माणसें कोंडलेल्या हवेनें गुदमरत होतीं.

पुढें तीच पाणबुडी वर काढून, डागडुजी करून, ‘थंडरबोल्ट’ या नांवानें लढाईवर पाठविली. १४ मार्च १९४३ रोजीं सिसिलीनजीक इटालियन युद्धनौकेनें ती सर्व खलाशांसह बुडविली. रणांतील मरणाचा जाब आम्ही मागत नाहीं. पण पहिल्या ९९ जणांचें काय?

त्यांच्या आप्तांनीं नुकसानभरपाईचा दावा लावून बांधणीचा करार व इतर कागद मागितले. आरमारखात्यानें हरकत घेतली. १९४२ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ठरविलें कीं, मंत्र्याची हरकत रीतसर असली म्हणजे ती अखेरची; न्यायाधीशानें तिच्यामागें डोकावूं नये. १९४६ सालीं दावाहि बुडाला. आमच्या पेठेंतील एखादा सावकार ‘माझ्या वह्या गुप्त आहेत, माझ्या शब्दावर निकाल द्या’ असें कोर्टांत म्हणूं लागला तर त्यास कोण उभें करील? ऐन युद्धांत पाणबुडीचे नकाशे शत्रूच्या हातीं पडूं नयेत, हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु बंद दाराआड एकट्या न्यायाधीशानें कागद वाचल्यानें कोणता शत्रू शहाणा झाला असता? लढाई संपली तरी तो नियम राहिलाच. तो १९६८ सालीं त्याच सभागृहानें मोडला.

आपल्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १२३ वें कलम याच जातीचें होतें. १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अखेरचा निर्णय न्यायालयाचा असें बजावलें. तरीहि २०२३ च्या नव्या कायद्यांत तें कलम जवळजवळ जसेंच्या तसें उतरविलें आहे. वाद पडल्यास कागद आधीं न्यायाधीशानें पाहावा, एवढें एक वाक्य त्यांत घालण्यास संसदेस कोणती अडचण होती?