कापूस आणि काळा तवंग

पावसाळा तोंडावर आला की गोव्याच्या वाळूवर काळे, चिकट तेलगोळे येऊन पडतात. रापणीची जाळी त्यांनी खराब होतात आणि किनाऱ्याची शोभा जाते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तर शेकडो टन तेल सांडून तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला.

असे तेल टिपण्यासाठी सर्रास पॉलिप्रॉपिलिनच्या गाद्या वापरल्या जातात. त्या पाणी झिडकारतात व तेल शोषतात. पण त्या स्वतःच खनिज तेलापासून बनलेल्या असून कुजत नाहीत. एक घाण काढण्यासाठी दुसरी निर्माण करण्याचाच हा प्रकार होय.

निसर्गाने कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर दिला आहे. औषधी कापसातील हे मेण क्षारात उकळून काढलेले असते, म्हणून तो पाणी पितो. कच्चा कापूस मात्र पाण्यावर तरंगतो आणि तेल ओढून घेतो. अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठाचे शेषाद्री रामकुमार व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली दाखवून दिले की, अपक्व तंतूंचा हलका कापूस स्वतःच्या वजनाच्या तीसपटींहून अधिक कच्चे तेल धरून ठेवतो.

नेमका हाच कापूस सूतगिरण्यांना नको असतो. सातपुड्याच्या कुशीतील पांढुर्णा व सौंसर या मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुक्यांचा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांबरोबर कापूस पिकविणाऱ्या तेथील शेतकऱ्याच्या हलक्या मालाला आपल्या किनाऱ्याने मागणी दिली, तर दोघांचेही हित साधेल.

कापूस हा रामबाण उपाय नव्हे, हे मान्य. घट्ट झालेल्या तेलगोळ्यांवर त्याचा उपयोग नाही. खवळलेल्या समुद्रात तो आवरणे कठीण. आणि तेलाने माखलेल्या कापसाची सुरक्षित विल्हेवाट लावावीच लागेल. परंतु बंदरे, खाड्या व नदीमुखे येथील ताज्या तवंगावर त्याची परीक्षा का होऊ नये? दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ती करावी, तटरक्षक दलाने सहकार्य द्यावे आणि प्रयोग यशस्वी ठरल्यास राज्य सरकारने पावसाळ्यापूर्वीच साठा करून ठेवावा.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करतो; त्याच्या स्वच्छतेची तजवीज करणे हेही पूजेचेच अंग आहे. नाहीतर तेलगोळ्यांची ही कापूसकोंड्याची गोष्ट दर पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागेल.