कडी, कोयंडा आणि शेजार

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी आली की नाशिकच्या वृत्तपत्रांत एक वाक्य हमखास भेटते: चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला. हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की त्यातील माहितीकडे आपले लक्षच जात नाही. चोराने कुलपाशी झटापट केलेली नसते, त्याने कोयंडा उखडलेला असतो. जाड पितळी कुलपावर आपण हजार रुपये खर्च करतो आणि ते अडकवतो ते चौकटीला चार आखूड स्क्रूंनी बसवलेल्या कोयंड्यात. पहारीचा एक हिसका बसला की स्क्रू लाकडाच्या भुशासह बाहेर येतात आणि कुलूप तसेच लोंबत राहते. तेव्हा नवे कुलूप आणण्याआधी सुताराला बोलवावे. कडी आणि कोयंडा आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून नट आतल्या बाजूने आवळून घ्यावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. त्याहून बरे म्हणजे दाराच्या फळीतच बसवलेले कुलूप. कारण बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याची वर्दी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला देत असते.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण जुन्या नाशकात, सरकारवाड्याच्या किंवा भद्रकालीच्या परिसरातील एखाद्या वाड्यात गेले असेल, त्यांना अडसर आठवत असेल. भिंतीतल्या खोबणीतून ओढून दाराआड सरकवायचा तो लाकडी वासा आत असला की बाहेरून दार ढकलणे व्यर्थ होते. पण वाड्याचे खरे संरक्षण त्या वाशात नव्हते. ओसरीवर कोणीतरी बसलेले असे, चौकात कोणाचे तरी धुणे चाललेले असे, आणि अनोळखी माणूस दिंडीतून वाकून आत आला की चार बिऱ्हाडांतून एकच प्रश्न येई: कोण पाहिजे? आज गंगापूर रोडवर, महात्मानगरात, इंदिरानगरात बंगले आणि सदनिका आहेत. आत दोन वृद्ध माणसे, मुले पुण्याला किंवा परदेशी. अडसराची जागा तीन-तीन कड्यांनी घेतली. तो प्रश्न विचारणारे मात्र कोणी उरले नाही.

या तीन कड्यांबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. माझ्या आत्या पंडित कॉलनीत एकट्या राहत. शेजारच्या इमारतीत चोरी झाली आणि त्यांनी धास्तीने दाराला वर एक, खाली एक अशा दोन नव्या कड्या बसवून घेतल्या. मधले लॅच होतेच. डिसेंबरातल्या एका पहाटे न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. हाक शेजाऱ्यांना ऐकू गेली, लॅचची जादा किल्लीही त्यांच्याकडे होती, पण कड्या आतून लावलेल्या. दार फोडून आत जाईपर्यंत पाऊण तास गेला. मोडलेले हाड पुढे जुळले. परंतु त्या पाऊण तासात थंड फरशीवर पडून राहिल्याने जो न्यूमोनिया झाला, त्यातून त्यांना सावरायला दोन महिने लागले. आत्या पुढे हसून म्हणत, चोर काही आला नाही, पण मदतही आली नाही.

वृद्धांच्या घराचे दार हे असे दुहेरी काम करणारे असावे लागते: परक्याला अडवणारे आणि आपल्या माणसाला आत घेणारे. अनेक कुलपांपेक्षा एकच भक्कम कुलूप घ्यावे, जे संधिवाताने आखडलेल्या बोटांनीही, अंधारात, आतून किल्लीशिवाय उघडता येईल आणि बाहेरून किल्लीने. बाहेर कोण आहे ते पाहण्यासाठी दारात भिंग असावे आणि जाळीचे सेफ्टी डोअर शक्य असल्यास जरूर बसवावे. बोलणे त्याच्या आडून करता येते. जादा किल्ली पायपुसण्याखाली किंवा तुळशीच्या कुंडीत ठेवू नये. ती जागा आपल्याइतकीच चोरालाही ठाऊक असते. विश्वासातल्या शेजाऱ्याकडे बंद पाकिटात ती द्यावी. न्हाणीघराला आतून कडी लावूच नये, किंवा बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी खिटी बसवावी. खिडक्यांना लोखंडी जाळ्या लावताना एका जाळीचा भाग आतून उघडणारा ठेवावा, कारण आग लागली तर तीच बाहेर पडण्याची वाट असते.

शेजाराचे महत्त्व मी केवळ वाड्याच्या आठवणीने सांगत नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथील कर्कहोल्ट या वसाहतीत 1986 च्या सुमारास एक प्रयोग झाला. तेथे घरफोड्या फार होत. अभ्यासकांच्या लक्षात आले की ज्या घरात एकदा चोरी झाली, तेथेच पुन्हा चोरी होण्याचा संभव इतर घरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. चोराला वाट माहीत झालेली असते. मग चोरी झालेल्या प्रत्येक घराभोवतीच्या साधारण सहा घरांना लक्ष ठेवण्याची विनंती करण्यात आली, दारे-खिडक्या मजबूत केल्या गेल्या आणि चोरांना मोह घालणारे, नाणी टाकून चालणारे मीटर काढून टाकले. काही महिन्यांतच तेथील घरफोड्या निम्म्यापेक्षा कमी झाल्या. सहा घरे म्हणजे काही मोठी संघटना नव्हे. सकाळी दूध आत घेतले गेले का, दिवा लागला का, एवढे पाहणारी सहा घरे आपल्याही गल्लीत असतात. फक्त आपण त्यांना तसे कधी सांगितलेले नसते. गावाला जाताना वर्तमानपत्र बंद करावे आणि प्रवासाची छायाचित्रे परतल्यावरच सर्वांना दाखवावीत.

पोलिसांकडेही आपली नोंद हवी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी 2007 मध्ये कायदा झाला. त्याखाली महाराष्ट्राने 2010 मध्ये नियम केले. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्याने ठेवावी आणि त्यांची नियमित भेट घ्यावी, अशी त्यांत तरतूद आहे. आपले नाव त्या यादीत आहे का, हे ठाण्यात जाऊन विचारण्यात संकोच नको. तातडीच्या प्रसंगी 112 आणि एरवीच्या सल्ल्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही मदतवाहिनी, हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत.

रात्री खरोखरच खडबड ऐकू आली तर? उठून पाहायला जाऊ नये. चोराला सामान हवे असते आणि तो बहुधा निसटण्याची वाट शोधत असतो. त्याच्या वाटेत आपण उभे राहू नये. झोपायच्या खोलीचे दार लावून घ्यावे, 112 फिरवावा, दिवे लावून खिडकीतून शेजाऱ्यांना हाका माराव्यात. मोबाइल आणि बॅटरी रात्री उशाशी हवी. श्रवणयंत्र काढून झोपणाऱ्यांनी किंवा झोपेची गोळी घेणाऱ्यांनी तर आपल्या कानांवर विसंबूच नये. दार उघडताच वाजणारी छोटी घंटा बाजारात मिळते, तिचा आवाज घरातील दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

सगळेच चोर कडी तोडून येत नाहीत. काही जण घंटा वाजवून येतात. भांडी आणि दागिने चकचकीत करून देतो म्हणणारे, मीटर तपासायला आलेले, आणि रस्त्यात गाठून "आजी, पुढे लुटालूट झाली आहे, दागिने काढून पुडीत बांधा" असे सांगणारे तोतया पोलीस. खरे पोलीस रस्त्यात कोणाला दागिने उतरवायला लावत नाहीत. आपल्या शहरात सिंहस्थाच्या दिवसांत लाखो अनोळखी माणसे येतात. त्यांतील बहुतेक भाविक असतात, तरी दार उघडण्याआधी जाळीआडून दोन प्रश्न विचारण्यात आतिथ्याला बाधा येत नाही.

पूर्वी तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावे घालून घेत, ते उगाच नव्हे. चोरीचा माल सापडला तर तो कोणाचा, हे त्यावरून ठरे. आज दागिन्यांची छायाचित्रे, वजनाच्या पावत्या आणि मोबाइलचा आयएमईआय क्रमांक मुलांकडे एक प्रत म्हणून द्यावा. दागिने शक्यतो लॉकरमध्ये असावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार बँकेत घरफोडी किंवा दरोडा झाल्यास तिची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. लॉकरला नामनिर्देशन केले आहे ना, हेही एकदा तपासावे.

शेवटी, सांभाळ करणाऱ्यांसाठी एक नाजूक गोष्ट. घरातील वृद्ध व्यक्ती वारंवार "माझे पैसे चोरले, बांगडी नेली" असे म्हणू लागली, तर तो स्मृतिभ्रंशाचा आरंभ असू शकतो. वस्तू स्वतःच जपून ठेवायची, ठेवल्याचे विसरायचे आणि मग ती चोरीला गेली असे वाटायचे, हे या आजारात नेहमी आढळते. डॉ. अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफर्टला जिला प्रथम तपासले, ती रुग्णही वस्तू इकडेतिकडे नेऊन लपवीत असे. अशा वेळी वाद घालू नये. "चला, मिळून शोधू" म्हणावे आणि डॉक्टरांची वेळ घ्यावी. आणि वर्षानुवर्षे घरकामाला येणाऱ्या बाईंवर संशय घेण्याआधी तांदळाचा डबा, उशीचे अभ्रे आणि कपाटातील जुन्या लुगड्यांच्या घड्या नीट उलगडून पाहाव्यात.