घरचे आरोग्य : ग्रंथिज्वर आणि रक्ताची साक्ष



घरातील सोळा-सतरा वर्षांचे मूल तापाने अंथरुणाला खिळते, घसा सुजून आवंढाही गिळवत नाही, मानेच्या दोन्ही बाजूंस गाठी हाताला लागतात, आणि आठ दिवस लोटले तरी अंगातील ग्लानी जात नाही. अशा वेळी डॉक्टर रक्त तपासून आणावयास सांगतात व चिठ्ठीवर 'मोनोन्यूक्लिओसिस' असे लांबलचक नाव लिहितात. ते वाचूनच आईच्या काळजाचे पाणी होते. म्हणून या रक्तपरीक्षेविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

एमिल फायफर या जर्मन डॉक्टरांनी १८८९ साली या विकाराचे वर्णन करून त्यास 'ग्रंथिज्वर' म्हटले. पूर्वी आपल्याकडे प्लेगला ग्रंथिक सन्निपात म्हणत. त्याच्याशी याचा काडीइतकाही संबंध नाही. हा रोग बहुधा एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूमुळे होतो. १९६४ साली लंडनमध्ये त्याचा शोध लागला. तो लाळेवाटे पसरतो, आणि शरीरात शिरल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी ताप येतो. दाटीवाटीच्या घरांतून तो बालपणीच गाठतो व बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही. जो तारुण्यापर्यंत त्यातून सुटतो, त्यालाच पुढे हा आजार जाणवण्याचा संभव अधिक.

आता परीक्षेकडे वळू. १९३२ साली अमेरिकेत पॉल व बनेल या दोघा संशोधकांना एक नवल आढळले. या रोग्याच्या रक्तातील पातळ द्रव मेंढीच्या रक्तातील तांबड्या पेशींत मिसळला की त्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या बनत. रोगाशी झुंजताना शरीर जी प्रतिद्रव्ये निर्माण करते, त्यांतील काहींचा हा गुण. पुढे मेंढीऐवजी घोड्याच्या पेशी वापरात आल्या, आणि काही मिनिटांत उत्तर मिळू लागले. त्यासाठी दंडाच्या शिरेतून थोडेसे रक्त पुरते. उपाशी राहण्याचे कारण नाही. त्याबरोबरच थेंबभर रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात 'लिंफोसाइट' जातीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि त्यांतील अनेक वेगळ्याच आकाराच्या दिसल्या, तर संशय बळावतो.

परंतु येथेच एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. प्रतिद्रव्ये तयार व्हावयास दिवस लागतात. तापाच्या पहिल्या आठवड्यात ही परीक्षा केली, तर सुमारे चौघांपैकी एका रोग्यात ती 'नाही' असे उत्तर देते, आणि रोग मात्र अंगात असतो. चार वर्षांखालील बालकांत तर ती पुष्कळदा फसते. म्हणून पहिला अहवाल कोरा आला तरी लक्षणे टिकून असल्यास डॉक्टर आठवड्याने पुन्हा रक्त मागतात, अथवा त्या विषाणूचीच खास प्रतिद्रव्ये शोधणारी परीक्षा सुचवितात. यात पैसे उकळण्याचा हेतू आहे असे समजू नये.

दोन वेळच्या रक्ताची किंमत केवढी, हे इतिहासातही दिसते. फिलाडेल्फिया येथील हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एक कर्मचारी तरुणी या रोगाने आजारी पडली. आजारापूर्वीच्या तिच्या रक्तात या विषाणूची प्रतिद्रव्ये नव्हती. आजारानंतर ती आढळली. त्यावरूनच रोग व विषाणू यांचे नाते उघड झाले, आणि १९६८ साली ते प्रसिद्ध करण्यात आले.

कोणी विचारील, या रोगावर खास औषधच नाही, मग परीक्षा कशाला? त्याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, घशाचे अन्य विकार, घटसर्प व रक्ताचे काही गंभीर रोग आरंभी असेच दिसतात. ते वेळीच वेगळे काढावे लागतात. दुसरे, जंतुनाशक औषधे विषाणूवर चालत नाहीत. उलट या तापात अमॉक्सिसिलीन दिल्यास पुष्कळांच्या अंगावर लाल पुरळ उठते. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून देऊ नयेत. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. या रोगात पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजते व नाजूक होते. क्वचित का होईना, ती फुटते आणि जिवावर बेतते.

ताप उतरला की मुलाला बरे वाटू लागते, आणि आपण त्याला पाण्याच्या घागरी आणावयास, नारळीवर चढावयास किंवा फुटबॉल खेळावयास मोकळे सोडतो. तसे करू नये. आजार सुरू झाल्यापासून निदान तीन ते चार आठवडे जड उचलणे व धक्काबुक्कीचे खेळ बंद ठेवावेत, आणि डॉक्टरांनी पोट तपासून परवानगी दिल्यावरच सुरू करावेत. पोटाच्या डाव्या बाजूस वरती किंवा डाव्या खांद्यात एकाएकी कळ आली, घेरी आली, अथवा श्वास घेणे कठीण झाले, तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठावे. एरवी विसावा, भरपूर पाणी, मऊ अन्न आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या एवढे बहुधा पुरते. रोग्याचा पेला व चमचा वेगळा असावा.

अखेर एक खुलासा. खास परीक्षेच्या अहवालात 'आयजीजी' प्रतिद्रव्ये आढळली म्हणून घाबरू नये. जगातील दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तात ती असतात, व एकदा आली की जन्मभर राहतात. ती एवढेच सांगतात की हा पाहुणा केव्हातरी येऊन गेला. ताजा रोग ओळखण्यासाठी 'आयजीएम' हे दुसरे प्रतिद्रव्य पाहतात. रक्त साक्ष देते, निवाडा मात्र रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी करावयाचा असतो. म्हणून अहवालाचा कागद शेजारीपाजारी न दाखविता, ताप कोणत्या दिवशी सुरू झाला त्याची तारीख त्यावर लिहून, तो डॉक्टरांपुढे ठेवावा.